परीक्षकाने प्रश्न विचारला म्हणून एवढा राग?

माझ्या भाच्याने आणि त्याच्या मित्रांनी बांबूची पूड आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणातून फळ्या बनवण्याच्या पद्धतीसाठी भारतात पेटंटचा अर्ज केला. पेटंट कार्यालयाचा पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे एफईआर, हातात पडला आणि आमच्या घरच्या ग्रुपवर भडका उडाला. 'बाबू लोकांना यातलं काय कळतं?' 'आपल्याकडे हुशारीची किंमतच नाही.' 'हाच अर्ज जर्मनीत केला असता तर आतापर्यंत सर्टिफिकेट भिंतीवर लागलं असतं.' या शेवटच्या वाक्याला मला टॅग केलेलं होतं. मी म्हणे साक्षीदार!

साक्ष द्यायचीच तर नीट देते. मी म्युनिकमध्ये पॉलिमरच्या क्षेत्रात काम करते. युरोपियन पेटंट ऑफिसची पत्रं माझ्या टेबलावर कायम असतात आणि त्यांत हरकती असतात. आधी शोध अहवाल येतो, सोबत परीक्षकाचं मत येतं, मग एकामागून एक पत्रं. शेवटी गरज पडली तर तोंडी सुनावणी, समोर तीन परीक्षकांचं मंडळ. पहिल्याच फेरीत विनाहरकत सुटलेला अर्ज इथे कुणी गृहीत धरत नाही. पत्र आलं की आम्ही कॉफी घेऊन बसतो, आधीचे संदर्भ उघडतो आणि उत्तर लिहायला घेतो. अपमान झाला असं कुणाला वाटत नाही.

म्हणून मी भाच्याकडून तो अहवाल मागवला आणि एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बसून पूर्ण वाचला. ग्रुपवर संतापलेल्यांपैकी किती जणांनी तो उघडला असेल, याबद्दल मला शंका आहे.

दावा असा होता: बांबूची पूड कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवायची, धुवायची, वाळवायची, पॉलिप्रोपिलीन आणि मलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रोपिलीन घालून 180 अंशांना ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे दोन स्क्रूंनी मळून बाहेर ढकलणाऱ्या यंत्रातून, काढायची. पुडीचं प्रमाण 30 ते 70 टक्के. या क्षेत्रातल्या माणसाला यातली प्रत्येक पायरी पाठ असते. बांबूला पाणी आवडतं, पॉलिप्रोपिलीनला नाही, त्यामुळे दोघं एकमेकांना धरत नाहीत. मलेइक अनहायड्राइड त्यांच्यात दुवा बनतं. सोडा वरचं मेण आणि हेमिसेल्युलोज काढून पृष्ठभाग खरबरीत करतो. तापमान 200 अंशांच्या खाली ठेवायचं, नाहीतर बांबू करपतो आणि वास मारतो. पूड नीट वाळवली नाही तर वाफेने फळीत पोकळ्या पडतात. हे सगळं अनेक वर्षांपासून छापील स्वरूपात आहे, आणि बांबूच्या बाबतीत तर चिनी अर्जांचा ढीग आहे.

परीक्षकाने नेमकं तेच दाखवलं होतं. एका जुन्या कागदात बांबूची पूड आणि पॉलिप्रोपिलीन, दुसऱ्यात सोड्याची प्रक्रिया, तिसऱ्यात कपलिंग एजंट, म्हणजे तो दुवा बनणारा पदार्थ. हे तीन एकत्र करण्यात जाणकाराला सहज सुचणार नाही असं शोधाचं पाऊल कुठलं, हा प्रश्न पेटंट कायद्याच्या कलम 2(1)(जेए) खाली. नुसतं मिश्रण करून घटकांच्या गुणांची बेरीजच होत असेल तर तो पदार्थ आणि तो बनवण्याची प्रक्रियाही पेटंटयोग्य नाही, ही हरकत कलम 3(ई) खाली. आणि उदाहरण फक्त 40 टक्क्यांचं दिलेलं असताना दावा 30 ते 70 टक्क्यांवर कसा, ही तिसरी. म्युनिकचा परीक्षक कलमांचे आकडे वेगळे लिहील, प्रश्न हेच विचारील.

ग्रुपवरच्या एका काकांनी लिहिलं, 'बांबू हजारो वर्षं आपला आहे, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं.' काका, असं असेल तर पेटंट मिळताच कामा नये. पारंपरिक ज्ञानाला पेटंट देता येत नाही, असं कलम 3(पी) सांगतं. हळदीचं अमेरिकी पेटंट 1997 मध्ये रद्द झालं ते सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने आणि तिचे तेव्हाचे प्रमुख डॉ. माशेलकर यांनी हाच मुद्दा लढवला म्हणून. कडुनिंबाच्या तेलाचं युरोपियन पेटंट 1994 मध्ये दिलं गेलं, 2000 मध्ये रद्द झालं आणि 2005 मध्ये त्यावरचं अपील फेटाळलं गेलं, तेही इथेच, म्युनिकमध्ये. त्या निकालांवर आपण टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनी आधी नीट शोधलं असतं तर ती पेटंटं मिळालीच नसती, असं आपणच म्हणत होतो. आता आपला परीक्षक नीट शोधतो, तर तो शत्रू? दुसऱ्याच्या अर्जाला कडक चाळणी आणि आपल्याला मागचं दार, हे मला पटत नाही.

'जर्मनीसारखं छोटं पेटंट भारतात हवं' ही आणखी एक मागणी. गेब्राउख्समुस्टर नावाचं असं छोटं पेटंट इथे आहे, परीक्षणाशिवाय नोंदलं जातं आणि 10 वर्षं टिकतं. पण ते पद्धतीला मिळत नाही, वस्तूला मिळतं. भाच्याचा अर्ज पद्धतीचा आहे. ज्याला हे ठाऊक नाही त्याने जर्मनीचा दाखला देऊ नये.

आणि पेटंट म्हणजे गुणवत्तेचा शिक्का, हा समज तर आधी काढून टाकायला हवा. इथल्या दुकानांत 'बांबूचे कप' म्हणून विकल्या गेलेल्या वस्तू बऱ्याचदा मेलामाइन-फॉर्माल्डिहाइड रेझिन या प्लास्टिकमध्ये बांबूची पूड घातलेल्या निघाल्या. गरम पेय ओतलं की त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि मेलामाइन सुटतं, असा इशारा जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने 2020 मध्ये दिला. पुढच्याच वर्षी युरोपियन युनियनने अशा मालाविरुद्ध मोहीम काढली. पेटंटचा परीक्षक हे तपासत नाही. पदार्थ नवा आहे का, सहज सुचण्याजोगा आहे का, असलं तो बघतो. 'आमचं पर्यावरणपूरक आहे' हे उत्तर एफईआरला चालत नाही, आणि भाच्याने पहिल्या मसुद्यात पानभर तेच लिहिलं होतं.

भारतात उशीर होतो, काही अहवाल साच्यातून काढल्यासारखे असतात, हे मान्य. पण हा अहवाल तसा नव्हता. कुणीतरी बसून, चिनी कागद उघडून, त्या मुलांचं वर्णन शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. कारण एक ओळ त्याने बरोबर पकडली होती: पूड करण्याआधी बांबूची हिरवी साल तासून टाकली होती. बाहेरच्या सालीत मेण आणि सिलिका जास्त, त्यामुळे प्लास्टिक चिकटायला त्रास होतो आणि स्क्रूही झिजतो. 'याचा परिणाम दाखवणारी तुलना वर्णनात नाही,' असं परीक्षकाने लिहिलं आहे. हे वाक्य वाचून मला त्या अनोळखी माणसाबद्दल आदर वाटला. अर्जात जीव कुठे असू शकतो ते त्याने बोट ठेवून सांगितलं, आणि घरचे लोक त्याला शिव्या देत होते.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, 'तू आता तिकडची झालीस.'

ते लागलं. माझ्या नावाची पेटंटं आहेत. मालक कंपनी, शोधकर्त्यांच्या यादीत माझं नाव, पत्ता म्युनिकचा, कंसात डीई, म्हणजे जर्मनी. घरी त्याच पेटंटांचे फोटो 'आपल्या मुलीची कामगिरी' म्हणून फिरतात. माझा पासपोर्ट अजून भारताचा आहे. पण 2002 च्या जैवविविधता कायद्याचं कलम 3 उघडलं तर अनिवासी भारतीय नागरिक परदेशी माणसाच्याच यादीत बसतो. म्हणजे भावाच्या बांधावरचा माणगा बांबू मला संशोधनासाठी घ्यायचा झाला तर आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागणार. भाच्याला ती अट नाही. त्याला 2023 च्या दुरुस्तीनंतर पेटंट मिळण्याआधी तिथे नोंदणी करायची आहे.

हा नियम मला योग्य वाटतो. माझ्यामागे कुठली परदेशी कंपनी उभी आहे हे विचारायचा हक्क देशाला आहे, आणि इथे मी नोकरीत जे शोधते त्यावर पहिला हक्क मालकाचाच असतो. तरीही ती यादी वाचताना घशाशी काहीतरी आलं. ग्रुपवर कुणीतरी रागाने म्हणालं ते कायद्याने केव्हाच, अगदी शांतपणे लिहून ठेवलं होतं.

परवा भाच्याने विचारलं, "आत्या, दुरुस्तीत तुझं नाव शोधकर्ती म्हणून घालू का? वजन पडेल." मी नाही म्हटलं. शोध त्यांचा आहे, आणि माझ्या नावाबरोबर परवानग्यांची आणि मालकीची सगळी भानगड त्यांच्या अर्जावर येईल. त्याऐवजी त्याला काम सांगितलं. साल काढलेल्या आणि न काढलेल्या पुडीच्या फळ्या, बाकी सगळं सारखं. 30, 40, 50, 60 आणि 70 टक्के, प्रत्येक प्रमाणाच्या पट्ट्या. वाकवून ताकद मोजायची, 24 तास पाण्यात बुडवून वजन आणि जाडी मोजायची. नवा मजकूर वर्णनात घुसडता येत नाही, पण वर्णनात असलेल्या पायरीचा परिणाम दाखवणारे आकडे उत्तरासोबत जोडता येतात. 60 आणि 70 टक्क्यांना फळी फुगली तर दावा खाली आणायचा, हट्ट करायचा नाही. साल काढण्याची पायरी पहिल्या दाव्यात घ्यायची.

उत्तराला अहवालापासून सहा महिने असतात, अर्ज करून आणखी तीन मिळू शकतात. पट्ट्या कापायला घेतल्या आहेत असं काल त्याने कळवलं. ग्रुपवर अजून कुणी माझ्याशी बोलत नाही.