फळ्यावरची नावं

परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी छडीचा फोटो टाकला. वेताची, टोकाला जरा फाटलेली. खाली ओळ: 'आमचं पहिलं विद्यापीठ.' पाच मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागली. मग कोणत्या सरांनी कुणाला कशासाठी किती दिल्या, याची उजळणी. आणि शेवटी ठरलेलं पालुपद: आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो, आता मास्तरांनी डोळे वटारले तरी पालक तक्रार करतात, म्हणून ही पिढी अशी.

तिकडे रात्रीचे साडेनऊ, म्हणजे जेवणं उरकून लोक ग्रुपवर येण्याची वेळ. इथे स्वीडनमध्ये संध्याकाळचे पाच, नोव्हेंबर अखेर, बाहेर अंधार पडून दोन तास झालेले. ओली गलोनं, म्हणजे पावसाचे कपडे, वाळवणीच्या कपाटात टाकून मी टेबलाशी बसले होते, समोर मुलगा अपूर्णांकांची लेक्सा, म्हणजे गृहपाठ, करत होता. फोन बाजूला ठेवायला हवा होता. नाही ठेवला. लिहिलं: 'शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी. केव्हाची.'

एकाचं उत्तर आलं, 'मॅडम आता स्वीडनहून कायदा शिकवणार.' पुढे हसरे चेहरे.

कायद्याची थट्टा चालली असती. 'मॅडम' लागलं. चौथीपासून जिला नावानं हाक मारली, ती मॅडम कधी झाली?

तर तेव्हा ग्रुपवर लिहिता आलं नाही ते इथे लिहिते.

छडीच्या भक्तांचा खरा राग छडी गेल्याचा नाही, तिच्या जागी जे आणू पाहतात त्याचा आहे. माझी एक वर्गमैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्यांच्या शिक्षण परिषदेत मध्यंतरी अहिंसक संवादावर एक सत्र झालं. साधनव्यक्तीनं फळ्यावर चार शब्द लिहिले: निरीक्षण, भावना, गरज, विनंती. मग सगळ्यांकडून एक नमुनावाक्य म्हणून घेतलं. तिनं ते मला फोनवर प्रार्थनेच्या चालीत ऐकवलं: 'जेव्हा मी वर्गात गोंगाट ऐकते, तेव्हा मला अस्वस्थ वाटते, कारण मला शांततेची गरज आहे, तर आपण कृपया शांत बसाल का?'

'एवढं वाक्य संपेपर्यंत मागच्या बाकावर मारामारी होऊन मिटलेली असते गं,' ती म्हणाली. 'आणि गरज मला आहे म्हटलं, तर पोरं म्हणतील, बाईंना आज बरं नाहीये वाटतं.'

मी पोटभर हसले. मग चिडचिड झाली. कारण वाक्य खरोखरच भिकार होतं, पण त्यामागचा विचार तसा नाही, आणि आता तो त्या वाक्यासकट कचऱ्यात जाणार हे दिसत होतं.

विचार मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. १९४३ साली डेट्रॉइटमध्ये वांशिक दंगल झाली तेव्हा तो लहान होता आणि तिथेच राहत होता. साठच्या दशकात, काळ्या आणि गोऱ्या मुलांना एका शाळेत बसवण्याचा झगडा चालू असताना, भांडणाऱ्यांना एकमेकांशी बोलतं करायची ही पद्धत त्यानं बांधायला घेतली. १९८४ मध्ये तिच्यासाठी संस्था काढली. नावातलं 'अहिंसक' त्यानं सरळ गांधीजींकडून घेतलं. तेव्हा 'हे परदेशी फॅड' म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. माल आपलाच आहे, वेष्टन बदलून आलाय. (हे वाक्य टाळ्या घेणारं आहे, मला माहीत आहे. परदेशातल्या मराठी माणसाला ते फार चटकन सुचतं, म्हणून त्याच्यावर माझाच पुरता भरवसा नाही.)

इकडे या पद्धतीला जिराफाची भाषा म्हणतात. हृदय मोठं, मान उंच, लांबचं दिसतं, म्हणून रोझेनबर्गनं जिराफ निवडला; त्याच्यासमोर कोल्हा, जो बोलतो तेव्हा चावतो. स्टॉकहोमच्या स्कार्पनेक भागात नव्वदच्या दशकाच्या अखेरीला या भाषेवर एक शाळाच उभी राहिली. माझ्या मुलाच्या शाळेत मात्र जिराफाचं कुणी नावही काढत नाही. तिथे नुसतं तसं बोलतात.

तो तिसरीत असतानाचं उतवेक्लिंग्ससामताल, म्हणजे मुलाच्या प्रगतीवर शिक्षक आणि पालकांची बैठक. मी, नवरा, मुलगा आणि त्याचा शिक्षक, ज्याला मुलगा नावानं हाक मारतो आणि मी अजून मनातल्या मनात 'सर' जोडते. बैठक मुलगाच चालवत होता. काय जमतं, काय जमत नाही, पुढे काय करायचंय, ते त्यानं कागदावर रंगवून आणलं होतं. त्याचं झालं तेव्हा शिक्षकानं मला विचारलं, तुला काही सांगायचंय का? मी म्हटलं, 'गणितात आळशी आहे.' आपल्याकडे ही शिक्षकासमोरची रीतच आहे. बाहेरच्यानं नावं ठेवायच्या आत आईनं ठेवून मोकळं व्हायचं.

शिक्षकानं मान हलवली. 'काय करताना दिसला, म्हणून आळशी म्हणालीस?'

मला उत्तर येईना. खरंच येईना. शेवटी म्हटलं, 'दहा गणितं असली की चार करून उठतो.'

'हं,' म्हणून तो मुलाकडे वळला. 'चौथ्यानंतर काय होतं?'

मुलगा बराच वेळ कागदाचा कोपरा दुमडत राहिला. मग म्हणाला, 'पाचव्यापासून अवघड होतात. आणि आई समोर बसलेली असते.'

नवरा खिडकीबाहेर बघू लागला.

निरीक्षण म्हणतात ते एवढंच. 'आळशी' हा निकाल होता, त्यावर अपीलसुद्धा नाही. 'चार करून उठतो' ही घडलेली गोष्ट होती, तिच्याबद्दल मुलाला काही विचारता आलं आणि त्याला काही सांगता आलं. ते त्यानं मला घरी कधीच सांगितलं नव्हतं. का सांगावं? सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, 'कारणं देऊ नकोस.'

ग्रुपवर लोक म्हणतात, मग मुलं अभ्यास तरी कशाला करतील? भीती नाही, बक्षीस नाही. बक्षिसाचं एक ऐका. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत, ज्यांना चित्रं काढायला मनापासून आवडतं अशी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी चांदणीचं प्रमाणपत्र मिळेल. दिलंही. आठवड्या-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तेच रंगीत पेन समोर ठेवले, तेव्हा ही मुलं इतरांच्या जवळपास निम्मा वेळच त्यांच्याकडे फिरकली. काही न सांगता अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांना मात्र तसं काही झालं नाही. चित्र काढणं हा आनंद होता, त्याची मजुरी झाली. रोझेनबर्ग तर आणखी पुढे जातो. त्याच्या मते 'शाबास' हासुद्धा निकालच, फक्त गोड. इथे मला तो जरा अतीच वाटतो. पाचवीत पाठीवर पडलेली एक शाबासकी मला अजून पुरते आहे.

हे सगळं मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं, थोडं जास्तच रंगवून. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

'वर्गात मुलं किती?'

'बावीस. आणि एक मदतनीस.'

'माझ्याकडे दोन इयत्ता एका खोलीत. शालेय पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसवर शाळेची सगळी माहिती भरणं, वर बीएलओ म्हणून मतदारयाद्यांचं काम. आणि मला एक सांग, माझ्याशी कोण जिराफ होऊन बोलतं? माहिती पाठवायला एक दिवस उशीर झाला तर वरून येतं, चोवीस तासांत लेखी खुलासा सादर करा. त्यात माझी भावना विचारलेली नसते.'

मी गप्प बसले, आणि ते बरं केलं. ज्या शिक्षिकेला वरून फक्त कोल्हा भेटतो, तिनं खाली जिराफ व्हावं ही अपेक्षा म्हणजे तिच्या डोक्यावरची आणखी एक पाटी. विश्वास एकट्या वर्गात पिकत नाही. मुलाच्या शिक्षकाला तो प्रश्न सुचला, कारण त्याची मुख्याध्यापिका त्याच्याकडे चोवीस तासांत खुलासे मागत नाही. हे सत्र खरं तर साहेबांच्या केबिनमध्ये घ्यायला हवं होतं.

एवढं कबूल केल्यावरही छडीवाल्यांना सोडायला मी तयार नाही. एकानं लगेच पिसाची, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीची, जुनी बातमी पाठवली: २०१२ मध्ये स्वीडनची मुलं गणितात ४७८ वर घसरली होती. खरं आहे. इकडेही तेव्हा हलकल्लोळ झाला होता, आणि अजून वर्गात शांतता नाही म्हणून वर्तमानपत्रं रडतात. मी उलट पाठवलं: २००९ च्या पिसात आपली दोन राज्यं उतरली होती, तामिळनाडू आणि हिमाचल. यादीच्या तळाशी कोण होतं ते बघा. तिथे छडी होती ना? पाठवून झाल्यावर वाटलं, अहिंसक संवादाची बाजू मी फारच कोल्ह्यासारखी मांडतेय. पण डिलीट नाही केलं.

आणि स्वीडिश लोक काही जन्मतः जिराफ नव्हते. इथेही शाळेत मार होता. प्राथमिक शाळांतून तो १९५८ मध्ये कायद्यानं गेला. घरात आईबापांनीही हात उचलायचा नाही, हा कायदा १९७९ चा, जगातला पहिला. सरकारनं तो दुधाच्या पुठ्ठ्याच्या पाकिटांवर छापून घराघरांत पोचवला. म्हणजे सकाळी टेबलावर दूध आणि त्यावर लिहिलेलं, मुलाला मारू नका. बाप वाचणार, मूलही वाचणार. मला ही गोष्ट फार आवडते. ग्रुपवर ती सांगितली तेव्हा एकानं विचारलं, तिकडे दूध पिशवीत नाही का मिळत?

'आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो.' यातला 'आम्ही' कोण, ते एकदा मोजा. ग्रुपवर एकेचाळीस जण आहेत. वर्गात आम्ही अठ्ठावन्न होतो. उरलेल्यांतला एक मला स्पष्ट आठवतो. बाकीच्यांनी अधूनमधून मार खाल्ला, त्यानं रोज. सातवीत दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. छडीनं त्याला काय घडवलं, हे तो ग्रुपवर लिहू शकत नाही, कारण तो ग्रुपवर नाही.

हा माझा बिनतोड मुद्दा होता. टाइप करत आणला होता. आणि मग बोटं थांबली.

सर तासाला उशिरा यायचे. तोवर मॉनिटरनं बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. पुन्हा बोलला की नावापुढे फुली, फुलीला एक छडी. मॉनिटर मी होते, अक्षर चांगलं म्हणून. त्याचं नाव मी सर्वांत आधी लिहून टाकायचे, तो तोंड उघडायच्या आत, कारण तो बोलणारच हे मला माहीत होतं. तो कधी कधी खरंच गप्प बसायचा. नाव तरी असायचं. सर आत आले की फळा बघत आणि माझ्या पाठीवर थाप मारत. वर जी म्हटलं ना, अजून पुरणारी शाबासकी, ती हीच.

तो मुद्दा मी पाठवला नाही.

मुलाला मराठी यावं म्हणून मी जिवाचं रान करते, असं मी सगळ्यांना सांगते. पण तो मराठीत ऐकतो काय? आटप. उचल. किती वेळा सांगायचं. लाज नाही वाटत? समजूत घालायची, विचारायचं, ऐकून घ्यायचं ते मी स्वीडिशमध्ये करते, कारण ते मी इथे आल्यावर, इथल्या लोकांकडून, त्यांच्या भाषेत शिकले. मध्यंतरी मी ओरडत असताना तो म्हणाला, 'आई, मराठीत नको ना. नीट सांग.' मी छडीचं समर्थन करणाऱ्यांना दोन हजार शब्द सुनावू शकते. या सहा शब्दांवर मला काही बोलता आलं नाही.

आणि यात मराठीचा काय दोष? स्वीडिशमध्ये माणूस स्वतःच 'रागावलेला' असतो. मराठीत राग येतो. भीती वाटते, कंटाळा येतो, आठवण येते. भावना आपल्याकडे पाहुणी येते, आपण म्हणजे ती नव्हे. जे समजवायला रोझेनबर्गला शिबिरं घ्यावी लागली, ते आपल्या व्याकरणात आधीपासून आहे. आपण लगेच 'तुझा राग आला' म्हणून तो दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढवतो, ती गोष्ट वेगळी. आणि त्या शिबिरातल्या वाक्याऐवजी माझी मैत्रीण वर्गात काय म्हणते, ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, 'अरे, माझं डोकं दुखायला लागलं रे, जरा हळू बोला ना.' चारपैकी तीन आले की त्यात, आणि कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं.

तर त्या संध्याकाळी दूध-पिशवीवाल्याला काय उत्तर द्यावं याच्या विचारात मी होते, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चार करून उठला, मला वाटलं. 'किती वेळा सांगायचं' अगदी ओठांवर होतं. ते गिळलं आणि म्हटलं, मराठीतच म्हटलं, 'मला राग आलाय.'

तो उभा राहिला. त्याचं मराठी शब्दाला शब्द लावून चालतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग माझ्या हातातल्या फोनकडे.

'कुठून आला?'

मी फोन पालथा ठेवला आणि वही ओढून घेतली. सहा गणितं झाली होती. पाचव्यात त्यानं छेद दोनदा खोडून पुन्हा लिहिला होता, कागद तिथे पातळ झाला होता. चार राहिली होती.