नोकराला घेऊन जा

जय ख्रिस्त. तुमच्या लेखात बायबलमधल्या गिदोनाला पराक्रमी वीर म्हटलंय, पण देवदूताने तशी हाक मारली तेव्हा तो मिद्यानी या शत्रूंच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता, हे राहून गेलं. यजमान गेल्यावर माझं तेच झालं होतं. रविवारी चर्चच्या पायरीपर्यंत जायचे आणि मागे फिरायचे. दोन मुलं, एक शिलाई मशीन, माझ्याच्यानं होणार नाही हेच डोक्यात. तेव्हा बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाचे 6 आणि 7 हे अध्याय पुन्हा पुन्हा वाचले. गिदोनाच्या सैन्यातल्या 32,000 माणसांतली 300 उरली, लढाईच्या रात्रीही तो घाबरलेलाच, आणि देव त्याला रागवत नाही! भीती वाटत असेल तर नोकराला घेऊन शत्रूच्या छावणीत उतर, म्हणतो. तिथे मी खूप रडले. पुढच्या रविवारी शेजारच्या मावशींना म्हटलं, माझ्यासोबत आत चला.