राजाचं तोंड पुरे, शाई दाखवा

मागच्या शनिवारी मुलगी बळेच मुंबईत काळा घोड्याला घेऊन गेली. म्हणाली, "बाबा, तुमच्याच आवडीचं आहे. जुन्या पोस्टाच्या तिकिटांवरून केलेली चित्रं लागलीत." गॅलरीचं नाव लिहीत नाही, चित्रकाराचंही नाही. पोरगा मेहनती आहे, आणि माझी तक्रार त्याच्या एकट्याबद्दल नाही.

राजघराण्याच्या सोहळ्यांवर निघालेली दुर्मीळ तिकिटं त्याने भिंतीएवढी केली होती. दाराच्या उंचीची व्हिक्टोरिया, तिच्या शेजारी पंचम जॉर्ज, कडेला तिकिटाचे दाते सुद्धा. लोक सेल्फी काढत होते.

माझी अडचण अशी, की मी छत्तीस वर्षं ऑफसेट छपाईवर काढली आणि त्यातली निम्मी शाई कालवण्यात. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी लाल कसा बसलाय ते बघतो, मग नावं. घरचे याला आजार म्हणतात.

तर मधल्या भिंतीवर एक निळा जॉर्ज होता. खाली चिठ्ठी: 'प्रशियन ब्लू, १९३५'. बस्स, एवढंच. अरे, त्या तिकिटाची सगळी गंमत त्या निळ्यात आहे, आणि नेमकं तेच सांगायचं राहून गेलं!

१९३५ मध्ये जॉर्जच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून ब्रिटनने चार तिकिटं काढली. डिझाइन बार्नेट फ्रीडमनचं, छपाई हॅरिसन अँड सन्सची, फोटोग्रॅव्हरवर. अडीच पेनीचं तिकीट निळं, म्हणजे अल्ट्रामरीन. त्याआधी रंगाच्या चाचण्या झाल्या, त्यातली एक प्रशियन ब्लू. ती नापास झाली. पण नापास शेडचे मोजके ताव चांगल्या मालात मिसळले आणि उत्तर लंडनच्या एका पोस्टाच्या खिडकीवर विकले गेले. आज जगभरचे संग्राहक ज्याच्यावर जीव टाकतात ते तिकीट आमच्या भाषेत वेस्टेज आहे. वेस्टेज पॅकिंगमध्ये गेलं. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, शेड पास केली नाही की ते ताव मी तिथल्या तिथे फाडायचो, ते याच भीतीने. आणि इथे पार्टी कोण, तर साक्षात राजा, तोही तिकिटवेडा! युवराज असताना १९०४ साली मॉरिशसच्या एका तिकिटाला याने १४५० पौंड मोजले होते. अशा गिऱ्हाइकाच्या कामात शेड चुकली. त्या छापखान्यात त्या दिवशी काय झालं असेल या विचारानेच मला घाम फुटतो.

आता दोन निळ्यांतला फरक. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो, प्रशियन हिरव्याकडे, आणि तो जरा कोंदट, खोलही असतो. अल्ट्रामरीन मूळचा लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानातून आलेला; अजिंठ्याच्या चित्रांत आहे. एकोणिसाव्या शतकात तो कारखान्यात बनायला लागला, आणि आपल्या आयांनी पांढऱ्या कपड्यांना जी नीळ दिली ती पूड म्हणजे हाच. प्रशियन लोखंडापासूनचा, बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एक जण लाल रंग करायला बसला आणि हा निळा निघाला. म्हणजे चुकीतूनच जन्मलेला रंग.

आणि भिंतीवर? पास झालेलं तिकीट आणि चुकलेलं तिकीट शेजारी शेजारी, दोन्ही एकाच निळ्यात. स्क्रीनवरून उचललेला निळा, डिजिटल प्रिंट, वरून थोडं अ‍ॅक्रिलिक. राजाच्या दाढीचा केस न् केस बरोबर. ज्याच्यासाठी चित्र काढायचं तेवढं मात्र गायब.

पुढे आणखी कडी. चित्राच्या मागे सर्टिफिकेट होतं, शंभर वर्षं रंग उडणार नाही म्हणून. मला हसू आवरेना. तिकिटाची शाई मुद्दाम कच्ची करायचे हो! १८४० च्या एक पेनीच्या काळ्या तिकिटावर लाल शिक्का मारत, तो लोक पुसून तेच तिकीट परत लावतील अशी भीती. म्हणून १८४१ मध्ये तिकीटच लाल केलं आणि शिक्का काळा. पुढे जांभळ्या-हिरव्या शाया अशा आल्या की शिक्का धुवायला जावं तर तिकीटच रडायला लागावं. हे मी पुस्तकात वाचायच्या आधी शिकलो. आजोबांच्या ट्रंकेतलं सिंगापूरचं जांभळट, सातव्या एडवर्ड राजाचं तिकीट पाकिटावरून सोडवायला स्टीलच्या वाटीत भिजत घातलं आणि खेळायला गेलो. आलो तर पाणी फिकट जांभळं आणि एडवर्ड भुतासारखा पांढराफटक. आजोबा काही बोलले नाहीत. वाटी मात्र बराच वेळ उजेडात धरून बघत बसले.

तोच एडवर्ड, बरं का, ज्याच्या पुतळ्यावरून काळा घोडा. पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला. पण तो इथे होता तेव्हाही मुंबईने राजाचं नाव घेतलं नाही, काळ्या रंगाचं घेतलं. त्याच काळा घोड्यावर आपले चित्रकार राजाची तोंडं मोठी करून टांगतायत.

परदेशीच कशाला? त्याच १९३५ च्या सोहळ्याला हिंदुस्थानची सात तिकिटं नाशिकला छापली. अर्ध्या आण्यावर आपलं गेटवे, जे याच जॉर्जच्या १९११ च्या आगमनाची आठवण म्हणून बांधलेलं. चौकट हिरवी, गेटवे काळं. माझ्याकडच्या एका प्रतीत काळा केसभर डावीकडे सरकलाय. भिंगातून बघा, कमानीपाशी कोरी फट दिसते. नाशिकच्या कुणा मशीनमनचं रजिस्टर, म्हणजे दोन रंगांची जुळणी, त्या तावाला हललं. मला राजापेक्षा तो माणूस जवळचा वाटतो. काढा की त्या फटीचं चित्र, भिंतभर!

हे सगळं मी त्या पोराला तिथेच बोललो. मुलगी कोपर मारत होती. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "काका, मग मी काय करायला हवं होतं?" म्हटलं, रविवारी घरी ये.

आला. वाण्याकडची नीळ जवसाच्या तेलात घोटली, फोर्टातून प्रशियनची ट्यूब आणली होती, आणि काचेवर दोन्ही शेजारी शेजारी नाइफने पातळ ओढले, छापखान्यात शेड बघताना ओढायचो तसे. तो म्हणाला, "दोन्ही निळेच आहेत." काच खिडकीत नेली, उन्हापुढे धरली. बराच वेळ बोलला नाही. मग विचारलं, "काका, ही काच नेऊ?"

नेलीय. परत आणून दे म्हटलंय, बायकोच्या टीपॉयची आहे.