पंचवीस पॉइंट चार

आजोबांची रॅले सायकल माझ्या वाट्याला आली, कारण बाकी कोणालाच ती नको होती. काकांना जमीन, आत्याला पाटल्या आणि मला नॉटिंगहॅमहून आलेलं, रॉड-ब्रेकचं, जिन्याखाली वर्षानुवर्षं उभं असलेलं काळं लोखंड. "किलोवर घेईल भंगारवाला," असं घरातून सुचवण्यात आलं. मी ते कानाआड केलं आणि बारीक मापं घेणारा व्हर्नियर कॅलिपर विकत घेतला. चांगला माणूस वाया जायला एवढं पुरतं.

व्हर्नियर हातात आल्यावर माणसाला थांबता येत नाही. मी पोळीसुद्धा मोजली. मध्ये 1.8 मिलिमीटर, कडेला 2.1. हे मोठ्यानं बोललो, ती माझी चूक.

टायरची अडचण आली नाही. 28 बाय दीडचा टायर आपल्याकडच्या काळ्या डबल-बार सायकलींनाही लागतो, त्यामुळे तो सहज मिळाला. खरी गोची सीटची. आजोबा पाच फूट दोन इंच, मी पाच अकरा. सीटखालचा पिलर वर ओढला तर आत जेमतेम इंचभर राहत होता. तो निदान अडीच इंच आत हवा, नाहीतर वाकतो किंवा फ्रेमची नळी फाडतो. म्हणजे लांब पिलर हवा. नळीचं तोंड मोजलं : 25.4. हे कसलं माप? इंग्रजांना धड पंचवीस करता आलं नाही?

चिरंजीवांच्या लहान झालेल्या सायकलीला लांब पिलर होता. तो भरला 22.2. फरक 3.2, म्हणजे सगळीकडून 1.6 ची फट. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण 0.1 मिलिमीटरचा असतो. सोळा पदर! कॅन कापले, पट्ट्या काढल्या आणि पिलरभोवती सुरळीच्या वडीसारख्या गुंडाळल्या. दोन बोटं कापली, पण वडी आत गेली. नट आवळला, बसलो. सिंहासन!

कोथरूडहून डेक्कनकडे निघालो. पहिल्या स्पीडब्रेकरला खालून 'कर्र' असा आवाज आला. दुसऱ्यालाही आला. प्रत्येक स्पीडब्रेकर मला थोडं थोडं खाली घेत होता. डेक्कनला पोचेपर्यंत मी आजोबांच्या उंचीचा झालो होतो.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पेडलजवळ कटकट वाजत होती, म्हणून बॉटमचा कप, म्हणजे पेडलच्या दांड्यांचा आस ज्यात फिरतो ती वाटी, उघडायला घेतला. उजवीकडचा. दोन दिवस लोंबकळलो. तिसऱ्या दिवशी कळलं, की त्या बाजूला उलटे आटे असतात, सायकल चालवताना कप सुटू नये म्हणून. थोडक्यात, दोन दिवस मी तो घट्ट करत होतो. डाव्या पेडलचंही तेच. 1900 साली राइट बंधूंनी आपल्या सायकलींना न सुटणारी पेडलं बसवल्याचं जाहीर केलं होतं, म्हणजे लेफ्टला उलटे आटे. हे दोघे पुढे विमानाकडे वळले ते बरंच झालं.

शेवटी डावीकडचा, सरळ आट्यांचा कप निघाला. रविवारी जुन्या बाजारातून त्याच्यासारखा दिसणारा एक आणला. दीड वेढा गेला आणि अडला. मी पान्याला पाइप लावला. सुदैवानं पाइप घसरून माझ्या नडगीवर आला, आणि सायकल वाचली. लंगडत ती सायकल दुरुस्त करणाऱ्या मामांकडे नेली.

मामा चाळीस वर्षं त्याच टपरीत बसतात. त्यांनी दोन्ही कपांचे आटे एकमेकांवर टेकवले आणि उजेडाकडे धरले. दात दातात बसेनात.

"साहेब, जगानं इंचात चोवीस आटे पाडले. रॅलेनं सव्वीस. आट्याला आटा पटला की बोटानं फिरतो. पाना लावायची वेळ आली की समजायचं, भांडण आहे."

"मग चोवीसचे सव्वीस..."

"जुना कप काय वाईट आहे?" काही वाईट नव्हता. रॉकेलनं धुतला, बाजूला अकरा-अकरा छर्रे नवे टाकले, ग्रीस भरलं. कटकट गेली. जुन्या बाजारातला कप आता आमच्याकडे उदबत्तीचं घर आहे.

धीर एकवटून मी पिशवीतून नवं, गियरवाल्या सायकलीचं हँडल काढलं. ते मधोमध जाड होतं, जुन्या पकडीत मावत नव्हतं. "पकड आतून थोडी कानसली तर?"

मामांनी कानस उचलून स्वतःच्या मांडीखाली ठेवली. "सीट खचली तर लोक हसतील. हँडल निसटलं तर लोक गोळा होतील. ज्याच्या जिवावर सायकल वळते आणि थांबते, त्याला कानस लावायची नाही. घासायचंच असेल तर मडगार्डचं भोक घासा, वाटेल तेवढं."

मग त्यांचं लक्ष सीटकडे गेलं. मी फट, पदर, भागाकार, सगळं गणित सांगितलं. वर नाना पेठेतल्या लेथवाल्याकडून 1.6 जाडीचा अखंड बुश, म्हणजे फट भरणारी नळी, करून घ्यायचा बेतही सांगितला, उभी चीर पाडून, ती फ्रेमच्या चिरेसमोर धरून. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पाठीमागच्या खिळ्यावरून एक फूटभर लांब पिलर काढला आणि नळीत सोडला. मऊ लोण्यात सुरी जावी तसा गेला.

"हा कितीचा?" माझा आवाज बारीक झाला होता.

"एक इंची. सगळ्या काळ्या सायकलींना हाच."

मी मनात इंचाचे मिलिमीटर केले. पंचवीस पॉइंट चार.

मामा तोवर बाहेर काढलेली सुरळी उलगडत होते. एक पदर, दोन पदर, मध्येच एका ब्रँडचं अर्धं नाव, पुन्हा पदर. त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

"हे कोणी केलं?"

"आमच्या भागातला एक मेकॅनिक आहे," मी म्हणालो.

"त्याच्याकडे परत जाऊ नका."