अक्षर मोठं करायला दोन दिवस?

“सोयाबीनच्या भावाची अक्षरं जरा मोठी करा, शेतकऱ्यांना मोबाइलवर दिसत नाहीत.” मी सांभाळतो त्या बाजारभावाच्या वेबसाइटबद्दल लातूरच्या एका आडत्याची मागणी एवढीच. रास्तच आहे. स्टाइलशीट, म्हणजे पानाचं सगळं रूप एका जागी ठरवणारी फाइल, असती तर एक ओळ बदलून मोकळा झालो असतो. पण कोड उघडावा तर प्रत्येक आकड्याभोवती फॉन्ट टॅग, म्हणजे तिथल्या तिथं अक्षराचा आकार-रंग ठरवणारी खूण! कुठं साइज २, कुठं ३, कुठं लाल रंग, कुठं टॅग बंदच केलेला नाही. सरसकट शोधून बदलायचीही सोय नाही.

सीएसएस, म्हणजे स्टाइलशीटची भाषा, १९९६ मध्ये आलं. वेबपानांच्या भाषेच्या एचटीएमएल ४ या आवृत्तीनं १९९७ मध्येच सांगितलं, हा टॅग वापरू नका. तरी आजही तेच जुनं कॉपी करून पुढं चिकटवत राहतात!

त्यात मराठीचा वेगळाच ताप. मजकूर युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच प्रमाण पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. टॅग काढला की ‘तूर’ जाऊन तिथं इंग्रजी अक्षरांचा कचरा. म्हणजे आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा, मग भावाच्या आकड्यांना कोडमध्ये एक क्लास, म्हणजे सामाईक नाव, द्या, मग त्या नावाला स्टाइल.

दोन दिवस मागितले तर साहेब म्हणतात, “नुसतं अक्षर मोठं करायला?” अहो, पुढच्या वेळी दोन मिनिटांत व्हावं म्हणून मागतोय ना!