पोलीस भरती, 'स्थानिकांचे दहा मार्क' आणि दाखला विकणारा नंबर

परवा रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. आवाज रडवेला. "अरे, याला ठाण्याचा पोलीस भरतीचा फॉर्म भरता येणार नाही म्हणे. भरला तर बाद करतात. तू बघ बरं तो मेसेज." मेसेज मी आधीच तीन ग्रुपवर पाहिला होता आणि हसून सोडून दिला होता. भाचा गेलं दीड वर्ष पहाटे पाचला लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या रस्त्यावर पळतोय, त्याच्यापर्यंत तो पोचला म्हटल्यावर हसू आटलं.

मेसेजचा सारांश असा. एक, पोलीस भरतीत ज्या जिल्ह्याचे रहिवासी त्याच जिल्ह्यात फॉर्म भरता येतो. दोन, स्थानिक उमेदवाराला दहा मार्क जादा मिळतात. तीन, सुप्रीम कोर्टाने सरकारी नोकरीत ८० टक्के भूमिपुत्र सक्तीचे केलेत. चार, बाहेरच्या जिल्ह्यात भरायचं असेल तर तिथला रहिवासी दाखला 'तीन दिवसांत करून मिळेल', संपर्क अमुक. सोबत पुरावा म्हणून एका जाहिरातीचा फोटो, त्यात 'उमेदवार स्थानिक रहिवासी असावा' ही ओळ लाल पेनाने गोल केलेली.

आधी तो फोटो. मी तो मोठा करून वरचं शीर्षक वाचलं. जाहिरात पोलीस शिपायाची नाहीच, पोलीस पाटलाची आहे! १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखालचं ते गावपातळीवरचं मानधनाचं पद. गावात मेलेलं माणूस सापडलं तर पोलीस ठाण्याला पहिली खबर देणारा माणूस गावातलाच हवा, म्हणून तिथे स्थानिक रहिवाशाची अट आहे आणि ती बरोबरही आहे. होमगार्डचंही तसंच, त्या-त्या ठाण्याच्या हद्दीतली माणसं घेतात. शिपाई भरतीशी याचा संबंध एवढाच, की 'पोलीस' हा शब्द दोन्हीकडे आहे.

आता दहा मार्क. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त डाचतो, कारण हे दहा मार्क खरोखर एकदा होते. महाराष्ट्रात नाही, राजस्थानात, आणि पोलिसांत नाही, शिक्षक भरतीत. जिल्ह्याच्या रहिवाशाला दहा, ग्रामीण भागातल्याला पाच असे बोनस गुण सरकारने ठेवले होते. युक्तिवाद ऐकायला गोड होता: स्थानिक मास्तरला बोली कळते, तो गावात टिकतो, बदलीसाठी खटपटी करत नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कैलाशचंद शर्मा विरुद्ध राजस्थान राज्य, २००२. कोर्टाने हे बोनस गुण घटनाबाह्य ठरवले. जुन्या नेमणुकांना हात लावला नाही, पण दार बंद केलं.

का बंद केलं, ते राज्यघटनेच्या सोळाव्या कलमात आहे. सरकारी नोकरीत केवळ जन्मस्थान किंवा निवास या कारणावरून कुणाला अपात्र ठरवता येत नाही, भेदभाव करता येत नाही. अपवाद एकच: राज्यात राहण्याची अट घालणारा कायदा करता येतो, पण तो संसदेने. विधानसभेने नाही, गृहखात्याने नाही, एसपी साहेबांनी तर नाहीच. आणि त्या अपवादातही 'राज्य' म्हणजे अख्खं राज्य, त्यातला एखादा तुकडा नव्हे. हे १९६९ मध्येच सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी तेलंगणाच्या प्रकरणात, नरसिंह राव विरुद्ध आंध्र प्रदेश, सांगून टाकलं. त्यानंतर आंध्रात स्थानिक कोटा ठेवायचा म्हणून थेट घटनादुरुस्ती करावी लागली, बत्तिसावी, १९७३ ची. तिच्यातून ३७१-ड हे कलम आलं. २००९ मध्ये हैदराबाद शहर पोलिसांच्या भरतीला तो कोटा लागू होतो का, यावर निकाल आला आणि तेलंगणात असं रान पेटलं की वेगळ्या राज्याच्या आंदोलनाला त्यातून जोर चढला. जिथे पोलिसांत खरंच स्थानिक कोटा आहे तिथे तो असा आलाय. आणि आमच्याकडे तो एका फॉरवर्डने लागू झाला!

पहिल्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. एका पदासाठी एकाच घटकात, म्हणजे एकाच जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलीस दलात, फॉर्म भरायचा, ही अट आहे. लातूरलाही शिपाई आणि ठाण्यालाही शिपाई असे दोन भरले तर अडचणीत याल. पण तो एक घटक कोणता, हे तुम्ही ठरवायचं. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागा होत्या. जिथे जागा जास्त तिथे मराठवाड्या-विदर्भातली पोरं फॉर्म भरतातच. मुंबईच्या मैदानांबाहेर फुटपाथवर बॅग उशाशी घेऊन झोपणारी पोरं काय कुलाब्याची असतात? कागदपत्रांत अधिवास प्रमाणपत्र लागतं, पण ते महाराष्ट्राचं. तहसीलमधून मिळतं आणि लातूरचं ठाण्यात चालतं. (राज्याचा अधिवास मागणं तरी सोळाव्या कलमात नीट बसतं का, यावर वकिलांनी खुशाल भांडावं.) एवढंच काय, बेळगाव-निपाणीकडच्या ८६५ वादग्रस्त गावांतल्या मराठी उमेदवारांनाही फॉर्म भरता येतो. निपाणीचा पोरगा चालतो आणि औशाचा चालत नाही?

गडचिरोलीचं तेवढं वेगळं आहे. तिथलं नक्षलवाद्यांशी लढणारं सी-६० पथकच स्थानिक पोरांतून उभं केलंय, कारण जंगल आणि माडिया-गोंडी बोली त्यांना येते. तिथली जाहिरात स्वतंत्रपणे वाचावी. पण भाचा तिकडे फॉर्म भरत नाहीये.

८० टक्क्यांबद्दल जास्त लिहीत नाही. तो उद्योगांसाठीचा जुना शासन निर्णय आहे, सरकारी भरतीचा नाही, सुप्रीम कोर्टाचा तर मुळीच नाही. आणि त्यातही 'स्थानिक' म्हणजे पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलेला.

खरा राग चौथ्या मुद्द्याचा आहे. वरचे तीन मुद्दे पेरलेत ते याच्यासाठी. आधी घाबरवायचं, मग दाखला विकायचा. भाच्याने त्या नंबरवर फोन केला होता. समोरच्याने चार हजार सांगितले, "ठाण्यातल्या एका चाळीचा पत्ता टाकतो, लाइट बिल माझ्याकडे आहे." लाइट बिल कुणाचं, तर ज्याला या पोराने जन्मात पाहिलं नाही त्याचं. ताईने पैसे काढूनही ठेवले होते.

ताई, हे तुझ्यासाठी लिहितोय. बनावट कागद खरा म्हणून दाखवणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, आणि फसवणुकीसाठी तो तयार करण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. निवड झाल्यावरही कागदपत्रं तपासतात, चारित्र्य पडताळणी होते, आणि खोटा कागद कधीही सापडला तरी नोकरी जाते. म्हणजे जो दाखला कुणी मागितलेलाच नाही, तो चार हजार देऊन विकत घ्यायचा आणि स्वतःच्या हाताने गुन्हा अंगावर ओढून घ्यायचा.

स्थानिक पोलीस असावा असं कुणाला वाटत असेल तर मला त्यात काही गैर वाटत नाही. आपल्या बोलीत बोलणारा हवालदार ठाण्यात भेटला तर म्हातारी माणसं तक्रार द्यायला कचरत नाहीत, हे मी पाहिलंय. ती मागणी करा, खासदाराला धरा, संसदेत कायदा करायला लावा. पण मागणीला नियम म्हणून पोरांच्या मोबाइलवर सोडू नका.

काल पहाटे सव्वापाचला भाच्याचा मेसेज आला: "मामा, ठाण्याचाच भरतो. सोळाशे मीटर पाच-वीसमध्ये येतंय. गोळा मात्र साडेसातच्या पुढे जाईना." पैकीच्या पैकी मार्कांना गोळा साडेआठ मीटर जावा लागतो.