गॅसच्या मीटरशी भांडताना

दर दोन महिन्यांनी आपल्या घरात गॅसचं बिल येतं आणि त्याच्या मागोमाग एक वाक्य येतं : "हा मीटर पळतोय." ते वाक्य कोणी म्हणायचं, हे घराघरावर आहे. आमच्याकडे तो मान माझा. तुमच्याकडे पाइपचा गॅस नुकताच आला असेल आणि मीटरशी भांडायचा सराव नसेल, तर जाणत्याचा सल्ला ऐका.

पहिली गोष्ट म्हणजे मीटरकडे बघायचं नाही. तसं ते सोपं आहे. मीटर ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या डोक्यावर असतो. त्याच्यापुढे केरसुणी, लोणच्याची रिकामी बरणी आणि "नंतर लागेल" म्हणून जपलेली थर्माकोलची पेटी असते. हा पसारा हलवलात की भांडणातली निम्मी मजा गेली. तरीही बघितलंतच, तर निदान चुकीचं बघा. आकडे एका ओळीत असतात : आधी पाच काळे, मग तीन लाल. काळे म्हणजे घनमीटर, बिलातले युनिट. लाल म्हणजे दशांश, अगदी शेवटचं चाक म्हणजे एक लिटर. आमच्या मीटरवर मागे ००४८७ आणि पुढे लाल २८६ असं होतं. मी सगळे आकडे सरसकट वाचले आणि गॅस कंपनीच्या ग्राहक सेवेतल्या मुलीला खणखणीत आवाजात सांगितलं, "चार लाख सत्याऐंशी हजार दोनशे शहाऐंशी!" ती क्षणभर गप्प झाली. अशी शांतता मिळवायला लाल आकडे वाचावेच लागतात.

दुसरी गोष्ट, रीडिंग घेणाऱ्याला घरी सापडू नका. तो सकाळी अकराला येतो. अकराला घरी कोण असतं? दाराला चिठ्ठी लावून तो जातो आणि कंपनी अंदाजे बिल काढते. त्यातूनच पुढे मीटर "पळायला" लागतो. आमचंच घ्या. शेवटचं खरं रीडिंग ४०२. मग दोनदा कुलूप, दोनदा वीस-वीस युनिटचा अंदाज, म्हणजे कागदावर ४४२. तिसऱ्या वेळी सासूबाई आलेल्या होत्या, त्यांनी दार उघडलं आणि माणसाने खरा आकडा लिहून नेला : ४८७. झालं! वीसचे एकदम पंचेचाळीस. सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं, "दोन महिन्यांत वापर दुपटीच्या वर? आम्ही काय घरात भट्टी लावली आहे?" एकवीस जणांनी अंगठा दिला. सहा महिन्यांचे मिळून पंच्याऐंशी, म्हणजे दर बिलाला साधारण अठ्ठावीस, हा भागाकार कोणीही केला नाही. तुम्हीही करू नका. आणि अंदाजे बिल आलं की अ‍ॅपवर मीटरचा फोटो टाकून ते दुरुस्त करून घेता येतं, असं कोणी सांगायला लागलं तर विषय बदला. फोटो टाकला की वादच मिटतो, मग ग्रुपवर फक्त सुप्रभात उरतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना मात्र भेटा. प्रत्येक सोसायटीत एक असे काका असतात. त्यांचं मत असं की मीटर रात्री आपणहून फिरतो. मला हे पटलं होतं, पण सौ.ने घोळ केला. रात्री झोपताना सगळ्या शेगड्या बंद करून, मीटरजवळचा कॉक चालू ठेवून तिने मोबाइलने फोटो काढला. सकाळी सहाला, चहाचं आधण ठेवायच्या आधी, बाल्कनीत टॉर्च मारून दुसरा. रात्री लाल आकडे २८६. सकाळी २८६. शेवटचं चाक दोन आकड्यांच्या मध्ये जिथे अडकलं होतं, तिथेच अडकलेलं. "बघ, थांबलंय," ती म्हणाली. "आज थांबलंय," मी म्हणालो. (ते चाक पुढे सरकलं असतं, तर मात्र ही थट्टा इथेच संपवली असती. त्याचा अर्थ गळती. वास येत असेल तर कॉक बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर येऊन आणीबाणीच्या नंबरवर फोन. मीटरशी भांडण नंतर.)

खरं तर मीटरच्या आत भुताटकीला जागाच नाही. दोन लवचीक पडदे असतात. एका बाजूने भरायचं, दुसऱ्या बाजूने रिकामं व्हायचं, फुफ्फुसासारखं. ठरावीक गॅस गेला की पडद्याची एक खेप होते आणि दात्यांची चाकं आकडा पुढे सरकवतात. गॅस वाहिला नाही तर पडदा हलत नाही. जुन्या मीटरचा पडदा फाटला तर काही गॅस न मोजताच निघून जातो, म्हणजे तो मीटर तुमच्या बाजूने खोटं बोलतो. अशा मीटरबद्दल मी आजवर एकही तक्रार ऐकलेली नाही.

सिलिंडरशी तुलना तर हवीच. "आमचा सिलिंडर दोन महिने जायचा!" हे वाक्य आवाज चढवून म्हणा. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता म्हणजे पाइपच्या गॅसचे साधारण सतरा-अठरा घनमीटर, हे मनात ठेवा आणि तोंडाने किलोची तुलना थेट युनिटशी करा. सिलिंडरच्या काळात अंघोळीचं पाणी विजेच्या गिझरवर तापायचं, हेही विसरा. शेगडीचा एक बर्नर मोठ्या आचेवर तासभर जळला तर दीडशे-दोनशे लिटर गॅस खातो. गॅसचा गिझर तेवढ्याच वेळात एक घनमीटरच्या आसपास पितो. आमचे चिरंजीव अंघोळीला जातात आणि आतून गाणी ऐकू येतात. किती गाणी, ते मोजायचं मी टाळतो.

आता एका मुद्द्याबद्दल सावध करतो, कारण तो खरा आहे आणि म्हणून भांडणात निरुपयोगी. बिलावर जे एससीएम, म्हणजे स्टँडर्ड क्युबिक मीटर, छापलेलं असतं, त्यातलं स्टँडर्ड म्हणजे १५ अंश तापमान आणि वातावरणाइतका दाब. मुंबईच्या ड्राय बाल्कनीत १५ अंश? तिथे तीस अंशांना गॅस पाच टक्के फुगतो. पाइपमधला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त असतो, त्याची वजावट केली तरी तीन टक्क्यांच्या आसपास जास्तीचा आकार उरतो. घरगुती मीटर सहसा आकार मोजतो, तापमान नाही. तेव्हा "बिलात तापमानाची दुरुस्ती धरली आहे का?" हा प्रश्न लेखी विचारण्यासारखा आहे. पण मी तो फोनवर विचारला, तर समोरून "सर, मी वरिष्ठांकडे पाठवते" असं आलं आणि सगळा आवेश वाया गेला. ओरडायचं कोणावर? त्यापेक्षा "चार लाख सत्याऐंशी हजार" बरं.

एवढ्यावरही समाधान झालं नाही, तर मीटर तपासायला द्या. शुल्क किती, मीटर चुकीचा निघाला तर ते परत मिळतं का, तपासताना आपल्याला हजर राहता येतं का, हे अर्ज देण्याआधी विचारायचं नाही. विचारलं तर सगळं आधीच समजतं आणि नंतर फसवल्याचा आनंद मिळत नाही. अचूकतेच्या दीड वर्गातल्या नव्या मीटरला नेहमीच्या प्रवाहात दीड टक्का इकडेतिकडे माफ असतो. सोळाशेच्या बिलावर दीड टक्का म्हणजे चोवीस रुपये. त्या चोवीस रुपयांसाठी मी अर्धी रजा टाकली आणि रिक्षाने गेलो. रिक्षाचा मीटर पळत होता, पण त्याच्याशी भांडायला वेळ नव्हता.

हे दुखणं काही आपलंच नाही. इंग्रजांनी १८५९ साली गॅसविक्रीचा कायदा केला, मीटर तपासायला निरीक्षक नेमले आणि मर्यादा ठरवली : मीटर कंपनीच्या फायद्याचा दोन टक्क्यांपर्यंत चुकला तर चालेल, ग्राहकाच्या फायद्याचा तीनपर्यंत. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी लंडनच्या घरातही कोणीतरी बिल हातात धरून बायकोला सांगत असणार की हा मीटर पळतोय. ग्राहक आयोगाचा मार्ग आपल्याकडे आहेच. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही आणि १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर लक्षात ठेवायला सोपा. तिथे मात्र ते पहिल्यांदा मीटरचा फोटो मागतात, म्हणून मी अजून गेलेलो नाही.

आमचा तपासणी अहवाल परवा आला. मीटर एक टक्का मंद. म्हणजे इतके दिवस शंभरातला एक लिटर आम्हाला फुकट मिळत होता. सौ.ने तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि लोणच्याच्या बरणीखाली सारला. असा अहवाल तुम्हाला आला, तर ग्रुपवर टाकायचा नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका भेटले.

"काय निघालं हो मीटरमध्ये?"

"चालू आहे," मी म्हणालो.

"मी म्हणालोच होतो," काका म्हणाले.